कल्याणच्या दहाव्याला भोंगा

राहुरीच्या बसस्टँडसमोर कल्याणचा फ्लेक्स लागला तेव्हा त्याला जाऊन चार दिवस झाले होते. डोक्याला भगवा फेटा, गळ्यात तुळशीची माळ, मागं विठ्ठल, आणि खाली लिहिलेलं: माळकरी, मनमिळाऊ, प्रगतशील शेतकरी. मी स्कूटी बाजूला लावली आणि ते तीनदा वाचलं. शेतकरी होता, मान्य. मनमिळाऊ म्हणाल तर वाद घातल्याशिवाय त्या माणसाला चहा गोड लागायचा नाही. आणि माळ कॉम्प्युटरवर घातलेली होती. फेट्याचंही तेच. जिवंतपणी ज्याच्या केसांना बाप कात्री लावू शकला नाही, त्याला मेल्यावर धाकट्या भावानं फेटा बांधला.

मला राग लवकर येतो. डेअरीत दुधाचं फॅट तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली. पाणी घालणारा माणूस मला लांबून कळतो, आणि कळला की माझं तोंड गप्प बसत नाही. त्या फ्लेक्समध्ये निम्मं पाणी होतं.

आता कल्याण कोण, ते सांगते. आमच्या साखर कारखान्याचा भोंगा पाळी लागली की वाजायचा, सुटली की वाजायचा. त्याचंच नाव कल्याणनं आपल्या बँडला दिलं. बँड म्हणजे वरातीतला नव्हे. रॉक बँड. साल चौऱ्याऐंशी. कॉलनीतल्या कर्ण्यावर आरत्या आणि ऊसतोडीच्या सूचना सोडून दुसरं काही ऐकलेलं नव्हतं, तिथं कल्याण गळ्यात गिटार अडकवून गायला उभा राहिला. भीमानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली दुसरी गिटार वाजवली आणि राधाकृष्ण नावाच्या फिटरनं ड्रम बडवले. गाणी मराठी, सगळी कल्याणनं लिहिलेली. सात वर्षं चाललं. मग राधाकृष्ण मस्कतला गेला, कल्याणचं लग्न झालं आणि भोंगा बंद पडला. पण सात वर्षांत जे कानात गेलं ते काही निघालं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. कॉलनीच्या गणपतीत पोरींनी पुढं बसायचं नाही, असा नियम होता. मी क्वार्टरच्या गच्चीवर चढून ऐकलं. खाली उतरले तेव्हा वडलांनी कानाखाली जाळ काढला. दुसऱ्या दिवशी परत चढले.

आमच्यासारखे अजून साठ-पासष्ट जण आहेत. दरवर्षी कारखान्याचा बॉयलर पेटला की पहिल्या रविवारी आम्ही भीमाच्या पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये जमतो. ज्याला येईल त्यानं गायचं, ज्याला येत नाही त्यानं आठवण सांगायची, आणि आठवणी दरवर्षी त्याच असतात. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातली तर ठरलेलीच. भीमानं गिटारची पहिली तार छेडली आणि निम्मे बैल दावं तोडून उधळले. जे जागचे हलले नाहीत त्यांना व्यापाऱ्यांनी जास्त भाव दिला, शांत जनावर म्हणून. ही गोष्ट सांगणारे सात जण आहेत आणि सातही जण म्हणतात की पहिला बैल त्यांनी धरला.

दुसरा ठरलेला विषय म्हणजे शेवटची कॅसेट. ती ब्याण्णवची, लग्नानंतरची. तिच्यावर ठेका आहे, पण तेव्हा राधाकृष्ण मस्कतात होता. मग वाजवतंय कोण? कुणी म्हणायचं पुण्याहून मशीन आणलं, कुणी म्हणायचं कल्याणनंच पत्रा बडवला. ठेक्यासोबत बारीक किणकिण ऐकू येते, ती म्हणे खंजिरी. या विषयावर दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं आहे.

कल्याण यायचा, मागं बसायचा आणि हसायचा. गायचा मात्र नाही. गळा गेला म्हणायचा. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं खरं कारण काय ते. त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, लग्न झाल्या झाल्या त्याची गिटार विहिरीत टाकली. हे कल्याणसमोरही लोक बोलायचे. तो नाही म्हणाला नाही कधी. मी त्या बाईशी तेहतीस वर्षांत बाजारात दिसली तरी कामापुरतंसुद्धा बोलले नव्हते.

गेल्या वर्षी मात्र निघताना त्यानं स्कूटीचं हँडल धरलं आणि मला म्हणाला, "शीले, माझ्या दहाव्याला भाषणं नको गं. भोंगा लावा." मी म्हणाले, मर आधी. आठ महिन्यांत मेला. असं बोलायला नको होतं, पण आमचं बोलणंच तसं होतं.

आता आमच्याकडे दहावा कसा असतो ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. नदीकाठी मंडप, सकाळी सातला प्रवचन, आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. आजी-माजी, भावी, सगळे येतात. मेलेल्या माणसाला जो कधी भेटलेला नाही तो सगळ्यात जास्त बोलतो. तिकडं पिंड ठेवलेला, कावळे झाडावर ताटकळलेले, लोक उपाशी आणि माइक काही सुटत नाही.

कल्याणचा भाऊ अमृत बाजार समितीला उभा राहणार होता. त्यानं चौदा वक्त्यांची यादी केली होती. मी आणि भीमा त्याच्याकडे गेलो. एकच गाणं, चार मिनिटं, भावाची इच्छा होती, असं सगळं सांगितलं. अमृत हुशार माणूस. त्यानं आधी चहा पाजला, मग विचारलं की कोणतं गाणं. भीमानं भोळेपणानं सांगून टाकलं. ते आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं, पहाटपाळीला जायला नकार देणाऱ्या कामगाराचं:

भोंगा वाजू दे, वाजू दे
आज मी उठणार नाही
तुझ्या घड्याळानं माझं
तांबडं फुटणार नाही

अमृतनं कप खाली ठेवला. दहाव्याला, पिंडासमोर, आज मी उठणार नाही? लोक शेण घालतील तोंडात, म्हणाला. खरं सांगते, तोवर माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं. पण आल्यावर मला वाटलं की यापेक्षा योग्य गाणं दुसरं नाही. मी तसं म्हणाले. भीमानं माझा पाय दाबला. शेवटी अमृत हसला आणि म्हणाला, वहिनी हो म्हणली तर वाजवा, माझी हरकत नाही. त्याला वाटलं, गिटार विहिरीत टाकणारी बाई काय हो म्हणते. मलाही तेच वाटलं. बाहेर आल्यावर भीमा म्हणाला, सोडून दे, आपण शेडमध्ये वाजवू. मी म्हणाले, शेडमध्ये तुझ्या कोंबड्यांना ऐकव.

नवव्या दिवशी दुपारी मी एकटीच तिच्या घरी गेले. झुंबरबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, भोवती भावकीतल्या बाया. मी बसले आणि आडपडदा न ठेवता विचारलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. झुंबरबाईनं त्यांना चहाला पिटाळलं आणि माझ्याकडे बघितलं. तिचे हात मोकळे होते, बांगड्या उतरवलेल्या.

"गिटार म्या टाकली, आसं कुनी सांगितलं तुमाला?"

"सगळेच म्हणतात, वहिनी."

"त्ये कदी न्हाई म्हनले का?"

तो हसायचा, एवढंच मला आठवलं.

"मामंजींनी टाकली. माजी हळद निघाली नव्हती तवा. मालक म्हनले, बापाचं नाव खराब व्हायला नको, तू घे आंगावर. नवी सून वाईट निगाली तर कुनाला नवल वाटत न्हाई. म्या घेतलं. तेहतीस वर्सं घेतलं."

मग तिनं सगळं सांगितलं, उसनं दुःख न आणता, सरळ. बाप परगावी गेला की कल्याण भीमाची गिटार मागून आणायचा. गोठ्यात, म्हशींच्या समोर, गोणपाट लावून ते दोघं टेप करायचे. ठेका तिचा. दुधाची किटली उलटी घालून, एका हातानं लाटण्यानं वाजवायची, दुसऱ्या हाताच्या बांगड्या काठावर घासायची. ती खंजिरी म्हणजे हिच्या बांगड्या. कॅसेटवर नावं छापली कल्याण आणि भीमा. भीमाला स्वतःला ठाऊक नव्हतं ठेका कुणाचा ते. तो गिटार देऊन निघून जायचा, आणि त्याच्या वाट्याचं कल्याणनंच वाजवलेलं होतं. पुढं बापाला सुगावा लागला आणि गोठ्यातलंही बंद झालं. बाप मेला दोन हजार चारला. तोवर कल्याणला खरं सांगायची लाज वाटायला लागली होती.

कल्याण मेला तेव्हा मला रडू आलं होतं. त्या दुपारी मात्र असा राग आला की तो समोर असता तर त्याचे केस मीच उपटले असते. तीस वर्षं आम्ही वर्गणी काढून त्याच्या आठवणी जागवल्या, आणि हा गडी बायकोच्या नावावर बापाचं पाप खपवून मागच्या रांगेत हसत बसला होता. माझा स्वतःवरचा रागही त्यातच होता. दुधातलं पाणी ओळखणारी मी, एवढं मोठं खोटं तीस वर्षं घोटाघोटानं प्यायले. मी म्हणाले, वहिनी, जाऊ द्या, याच्या दहाव्याला आता काही वाजवायला नको.

"गान्याचा काय गुन्हा?" ती म्हणाली. "निम्मं माजं हाय त्ये. वाजवा. किटली म्या वाजवनार. लोकांच्या म्होरं, एकदाच."

मी तिला सगळं समजावलं. विधवा बाई दहाव्या दिवशी माइकपाशी उभी राहिली तर भावकी काय करेल, अमृत काय करेल. तिनं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, ठेका चुकला तर तुम्ही सांभाळून घ्याल का. तिला भीती फक्त तेवढीच होती.

दहाव्याला मुळा नदीच्या काठी मंडप भरला होता. आमचे पासष्ट जण आले होते, पण वेगळे ओळखू येतील असे कुठं? सगळे पांढऱ्या टोप्यांत आणि पांढऱ्या शर्टांत मिसळून गेलेले. भीमानं गिटार बाजेवरच्या चादरीत गुंडाळून आणली होती, चोरीचा माल आणावा तशी. प्रवचन झालं. भाषणं सुरू झाली. पाचवा वक्ता म्हणाला की कल्याणरावांचा सहकारावर गाढ विश्वास होता. कल्याणनं आयुष्यात एकदा सोसायटीच्या सभेला हजेरी लावली होती, तीसुद्धा चेअरमनला शिव्या द्यायला. माझ्या शेजारचा एक टोपीवाला खाली बघून खांदे हलवत होता. तो आमच्यातला निघाला.

सहावं नाव पुकारायच्या आत झुंबरबाई उठली. बायकांतून बाहेर आली, डोक्यावर पदर, काखेत अल्युमिनियमची किटली. पुरुषांच्या मधून चालत गेली आणि लोक पाय आवरून घेत गेले. अमृत पुढं धावला. वहिनी, बसा, पाहुणे यायचेत अजून, असं हळू आवाजात म्हणत राहिला. तिनं किटली स्टेजच्या कडेला उलटी घातली आणि मग बोलली. माइक जवळच होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"भावजी, तुमीच म्हनला व्हता, वहिनी हो म्हनली तर वाजवा. म्या हो म्हनते."

अमृतला चारचौघांत हसावं लागलं. भीमानं चादर सोडली, वायर जोडली. पहिली तार वाजली आणि समोरच्या उंबरावरचे सगळे कावळे एकदम उठून नदीपलीकडे गेले. चार ओळींचं संगीत झालं असेल नसेल, तोच सगळं बंद पडलं. अमृतनं मंडपवाल्याला खूण केली होती. जनरेटर थांबला, माइक गेला, आणि भीमा मुक्या गिटारकडे बघत उभा राहिला. अमृत हात जोडून लोकांना म्हणाला, लाईटीचा प्रॉब्लेम झालाय, आपण पुढं जाऊ.

मला वाटलं, संपलं. तीस वर्षं आम्ही जे मिरवलं ते असं एका बटणावर आहे, हे मला त्या क्षणी कळलं आणि तोंड कडू झालं.

झुंबरबाईनं वरसुद्धा बघितलं नाही. तिनं लाटणं काढलं आणि किटलीवर मारलं. एक, दोन, मग तिसरा अर्धाच, मग चौथा. तोच ठेका. शेवटच्या कॅसेटचा. भीमानं तोंडावर हात धरला. मंडपात इथं तिथं माणसं उठून उभी राहायला लागली, कारण तो ठेका ज्यांनी हजारदा ऐकलाय त्यांना काही सांगावं लागत नव्हतं. फक्त किणकिण नव्हती. तिनं सवयीनं डावा हात काठावर घासला आणि हात नुसताच फिरला. तेवढ्यात मागं बायकांत कुणीतरी हात हलवला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी, आणि बांगड्यांचा आवाज मंडपभर आला.

गाणार कोण? भीमा तर रडत होता. मी गायले. माझा आवाज म्हणजे फुटक्या घंगाळासारखा, सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. भोंगा वाजू दे, वाजू दे, आज मी उठणार नाही. पहिली ओळ एकटीनं म्हणाले. दुसऱ्या ओळीला शेजारचा टोपीवाला आला. चौथीला मंडप आला. पासष्ट नव्हते ते. दोनशे असतील, तीनशे असतील. ज्यांना शेडमध्ये यायची लाज वाटत होती ते सगळे. सोसायटीचा सेक्रेटरी, मेडिकलवाला, सहाव्या नंबरचा वक्ता हातात भाषणाचा कागद धरून. आज मी उठणार नाही, असं म्हणताना लोक पिंडाकडे बघत होते आणि कुणाच्याही तोंडात शेण नव्हतं. तुझ्या घड्याळानं माझं तांबडं फुटणार नाही, हे आम्ही चार वेळा म्हणालो. लिहिलेलं दोनदाच आहे.

गाणं थांबलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दहावा होता. गुरुजींनी पिंड दाखवला आणि लोक बाजूला झाले.

आता कावळा येईना. सगळे नदीपलीकडे जाऊन बसलेले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. ऊन चढलं. कावळा शिवला नाही की मेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात, आणि मग घरचे एकेक करून वचन देतात. अमृत पुढं आला. आता त्याचा आवाज मोठा झाला होता. म्हणाला, बघा, म्हणत होतो मी. दादाचा आत्मा अडकला या थिल्लरपणामुळं. मग हात जोडून पिंडाला म्हणाला, दादा, वहिनीला अंतर देणार न्हाई. कावळा आला नाही. दादा, शेताची वाटणी नीट करीन. तरी नाही. लोक चुळबुळ करायला लागले. भीमा माझ्याकडे अपराध्यासारखा बघत होता, आणि खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, अमृतचं खरं असेल.

झुंबरबाई पिंडापाशी गेली. किटली अजून तिच्या काखेत होती.

"गुरुजी, दर्भाचा कावळा लावा," ती म्हणाली. "लोकं उपाशी हायत."

अमृत म्हणाला, अहो वहिनी, थांबा जरा, दादाचं काहीतरी राहिलंय.

"त्यांचं काय बी राह्यलेलं न्हाई, भावजी. राह्यलं हुतं त्ये माजं हुतं."

गुरुजींनी दर्भ वळला आणि पिंडाला लावला. मग ती मागं वळली आणि पहिली पंगत बसवायला सांगितली.